जर्मन चांदीची बारा नाणी

अण्णा, चार वर्षं मी तुमच्यावर रागावून होतो, आणि या चार वर्षांत दर दोन महिन्यांनी क्योतोला येऊन तुमच्या घरचा चहा पीत होतो. दोन्ही खरं आहे. तुम्हाला जाऊन आज तेवीस दिवस झाले. लोक म्हणतात, माणूस गेला की राग विरतो. माझा विरला नाही. सकाळी टोकियोत, ओजिमाच्या आमच्या इमारतीतून खाली उतरतो, त्या दिवशीच्या कचऱ्याची पिशवी जागेवर ठेवतो, स्टेशनकडे चालू लागतो, आणि मनात तुमच्याशी तेच भांडण सुरू होतं. आदल्या दिवशी जिथे थांबलं होतं तिथूनच.

भांडण बारा नाण्यांचं. ती माझ्याकडे यायची होती, दुसऱ्याकडे गेली. टेलिफोनवर तुम्ही एक वाक्य जास्त बोलला असता तर गेली नसती. ते वाक्य तुम्ही का गिळलंत, एवढंच मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. ते न सांगताच तुम्ही गेलात.

आपली ओळखसुद्धा भांडणातूनच झाली. टोकियोतल्या एका मोठ्या दुकानाच्या आठव्या मजल्यावर जुन्या नाण्यांचं प्रदर्शन भरतं, तिथे माझं टेबल होतं. जिन्याजवळचं, कोपऱ्यातलं. जहाजावर फिटर म्हणून आलेला माणूस मी, कोबेला उतरलो तो राहिलोच, आणि तेवढं टेबल मिळवायला मला सहा वर्षं लागली होती. मी आपल्याकडच्या संस्थानांचे रुपये मांडले होते. तुम्ही आलात ते तपकिरी कोट, टोपी आणि सर्दीचा पांढरा मास्क लावून. इंदूरच्या एका रुपयावर वाकलात. पाच मिनिटं झाली, दहा झाली. किंमत विचारेनात की हलेनात. कुणी जपानी म्हातारा असेल असं समजून मी मराठीत पुटपुटलो, "घ्यायचं नाही नि सरकायचं नाही. बुजगावण्यागत उभं राहिलंय नुसतं."

तुम्ही मान वर न करता म्हणालात, "बुजगावण्याला निदान पाखरं तरी उडवायची असतात. तुमच्या शेतात एकही उतरलेलं दिसत नाही."

मी मटकन खुर्चीत बसलो. जपानमध्ये आल्यापासून इतक्या अस्सल मराठीत माझा अपमान कुणी केला नव्हता.

मग तुम्ही मास्क खाली ओढलात आणि रुपयावरच्या सूर्याकडे बोट दाखवलंत. "ह्याचा डावा डोळा पुन्हा कोरलाय. ठसा झिजला असणार, कुणीतरी घाईत दुरुस्त केला. उजवा डोळा झोपेतला आहे आणि डावा जागा झालाय. बघा ना."

मी बघितलं. ते नाणं माझ्याकडे तीन वर्षं होतं. त्याचं वजन मला पाठ होतं, आवाज पाठ होता, जिभेवरची चवही सांगितली असती. डोळे मी पाहिले नव्हते.

तुमचं आयुष्य पदकांचे ठसे कोरण्यात गेलेलं. पुण्याहून चित्रकला शिकून क्योतोला आलात, इथल्याच एका कारखान्यात शाळांच्या शर्यतींची, अग्निशमन दलाची, निवृत्त मास्तरांची पदकं पोलादात कोरत राहिलात आणि हारुए वहिनींशी लग्न करून नदीकाठच्या त्या अरुंद घरात स्थिरावलात. त्या घरातली दुपार मला कुठेच दुसरीकडे भेटली नाही. कागदी दारांतून येणारा उजेड दुधाच्या सायीसारखा असायचा. बाहेर सायकलींच्या घंट्या. किटलीची वाफ आणि तुमचा आवाज एकाच चालीने वर चढायचा. तुमची मुलगी मीना पायांवर पांघरूण ओढून कोपऱ्यात वाचत बसलेली. तुम्ही तिला मराठीत विचारणार, ती जपानीत उत्तर देणार, आणि दोघांनाही त्यात काही चुकल्यासारखं वाटणार नाही. मी ओजिमाहून निघालेला, दिवसभर लोकांशी घासाघीस करून आवाज फुटलेला माणूस. तिथे टेकलो की माझा आवाज आपोआप खाली यायचा.

पण वाद थांबायचा नाही. मी म्हणायचो, नाणं म्हणजे आधी चांदी, मग चित्र. तुम्ही म्हणायचात, चांदी चमच्यातही असते, चमचा कुणी कपाळाला लावतं का. मी चिडायचो. एकदा उठून तरातरा स्टेशनवर गेलो आणि माझी टोपी तुमच्याकडेच राहिली. दुसऱ्या दिवशी फोन केला, टोपीचं नाव काढलं नाही, "अण्णा, जेवलात का?" एवढंच विचारलं. मला दुसऱ्या कुठल्या पद्धतीने नमतं घेता येत नाही. ते तुम्ही ओळखलं होतंत आणि दर वेळी "जेवलो, तू?" म्हणून मला सोडवायचात.

मग तो फोन आला. सकाळची वेळ. मी माझं नाण्यांचं दुकान उघडत होतो, अजून कोटही काढला नव्हता.

"शंकर, माझ्याकडे जर्मन चांदीची काही नाणी आहेत. काढून टाकतोय. आधी तू बघ."

"जर्मन?"

"हो. बारा आहेत. खूप जपलीत मी."

"अण्णा, मी हुपरीचा आहे. असला माल मी हातात धरत नाही आणि दुसऱ्याच्या गळ्यातही बांधत नाही. जर्मन विकायला तुम्हाला मीच सापडलो? मी?"

तुमच्या मागे वहिनी काहीतरी विचारत होत्या.

"अहो बोला की! इतकी वर्षं मला काय समजत होता तुम्ही?"

"बरं," तुम्ही म्हणालात.

मी रिसीव्हर आपटला.

अण्णा, तुम्ही पुण्याच्या पेठेतले. तुमच्यासाठी जर्मन म्हणजे एक देश, फार तर एक भाषा. आमच्या गावात घरोघरी पैंजण घडतात, आणि तिथे जर्मन म्हणजे तांबं, जस्त नि निकेल मिसळून केलेला पांढरा धातू. दिसायला चांदी, आत चांदीचा कणही नाही. दुकानदार त्याला जर्मन सिल्व्हर म्हणतात, आम्ही नुसतं जर्मन. कारागिराच्या पैंजणाला जर्मन म्हणणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. माझ्या वडिलांच्या, आबांच्या पैंजणाला एका शेठजीने भर गल्लीत तसं म्हटलं होतं. कुणीतरी काळे पडले म्हणून परत आणलेले पैंजण त्याने रस्त्यावर फेकले. आबा वाकून घुंगरू गोळा करत होते आणि मी बाजूला उभा होतो. त्यांनी जर्मन घातलं नव्हतं. पण मिसळ किती आणि शुद्ध किती हे पैंजणावर कुठे लिहिलेलं असतं? त्यानंतर त्यांनी भट्टी पेटवली नाही. चांदीचा विषय निघाला की उठून जायचे.

हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्हाला नुसतं ओरडणं ऐकू आलं. त्यामागची गल्ली तुम्हाला दिसली नाही.

दीड महिन्याने पुन्हा प्रदर्शन भरलं. माझ्या शेजारी ओसाकाच्या एका दुकानदाराचं टेबल. त्याने काचेखाली बारा मोठी नाणी मांडली होती. मी सहज वाकलो आणि वाकलेलाच राहिलो. जुनी चांदी नीट जपली तर ती काळी पडत नाही, तिची संध्याकाळ होते. कडेला निळसर, मध्ये राखाडी, आणि चेहऱ्याच्या गालावर अजून दिवस उरलेला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचे टालर होते ते, जर्मन राज्यांचे चांदीचे मोठे रुपयेच म्हणा. सॅक्सनीचे, बव्हेरियाचे, प्रशियाचे. त्या माणसाने सांगितलं, क्योतोच्या एका भारतीय गृहस्थांकडून घेतलेत, पदकांचे ठसे करायचे ते.

माझ्या कानात फोनवरचं तुमचं "बरं" वाजलं. मी किंमत विचारली. ऐकली. बाहेर जिन्यात जाऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी क्योतोला तुमच्या दारात आलो तो बूट काढता काढताच सुरू झालो. "जर्मनी देशाची, खऱ्या चांदीची! चार शब्द, अण्णा! चार शब्द बोलायला काय झालं होतं?"

आतून वहिनींचा, तुमच्याकडून शिकलेल्या मोडक्या मराठीतला आवाज आला, "शंकर-सान, भांडण आत बसून करा. एक बूट काढलाय, दुसरी पण काढा."

तुम्ही दाराशी आलात, माझ्या एका मोज्याकडे पाहिलंत, आणि म्हणालात, "तू विचारलं नाहीस."

"काय विचारायचं होतं? तुम्ही जर्मन म्हणालात, मी जर्मन ऐकलं!"

"विचारलं नाहीस, एवढंच."

मला वाटलं, तुम्ही मला धडा शिकवताय. पेठेतला शिकलेला माणूस, हुपरीच्या पोराला शब्दात पकडतोय. म्हटलं असेल, ह्याला चांदीच कळते ना, मग ह्याची चांदी ह्याच्या हातून जाऊ दे. चार वर्षं मी हेच धरून बसलो. कधी जेवताना, कधी निघताना, कधी तुम्ही खोकत असतानासुद्धा काढायचो. "का नाही बोललात?" तुम्ही हसायचात आणि ती पेटी उघडायचात.

त्या पेटीबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले आहेत. नाणी देण्याआधी तुम्ही त्यांवर पातळ जपानी कागद ठेवून, वरून मऊ पेन्सिल फिरवून, चोवीसच्या चोवीस बाजूंचे छाप घेऊन त्या पेटीत ठेवले होते. शिवाय प्लास्टरचे साचे. एक कोरा कागद तुम्ही साच्यावर ठेवायचात, पेन्सिल आडवी धरायचात, आणि करड्या धुक्यातून आधी एक कान, मग जबडा, मग मानेवरची शीर वर यायची. दोनशे वर्षं बुडालेला माणूस पाण्यावर येतोय असं वाटायचं. वहिनी भाजी चिरता चिरता थांबायच्या. मीनाही पुस्तकातून डोकं काढायची.

"पहिल्यांदा काय दिसतं?"

"राजा."

"चूक. मोकळी जागा. चेहऱ्याभोवती बघ. आधीच्या नाण्यांवर ढाली, पिसं, चिलखत, सिंह, नुसती जत्रा. इथे काही नाही. कोरणाऱ्याला सगळ्यात अवघड हेच. हात थांबवायचा."

"हात थांबवला तर मजुरी कमी मिळते."

"म्हणून तू दुकानदार झालास."

त्याआधीच्या शतकातले राजे केसांच्या टोपात आणि चिलखतात होते, हे तुम्ही दाखवलंत. मग फ्रान्समध्ये एका राजाचं डोकं उडालं, आणि थोड्याच वर्षांत जर्मनीतल्या राजांनी आपणहून टोप उतरवले, आखूड केस, उघडी मान, जुन्या रोमन लोकांसारखे दिसायला लागले. प्रशियाचा राजा आधी गणवेशात, कॉलर घट्ट लावून, काही वर्षांनी नुसतं डोकं. "मान कुठे कापायची हा मोठा प्रश्न असतो," तुम्ही गंभीरपणे म्हणालात. "सरळ कापली तर खाटीकखाना दिसतो. म्हणून खालून कमानीसारखी वळवतात. नाव लहान अक्षरांत तिथेच कोरायचं, कापलेल्या मानेखाली. कोरणाऱ्याला तेवढीच जागा."

आणि सॅक्सनीचा तो म्हातारा राजा! सगळ्यांनी टोप काढले तरी ह्याची वेणी पाठीवर तशीच, नाण्यामागून नाणं, मरेपर्यंत. तुम्ही कागद माझ्याकडे सरकवलात. "हा तुझा भाऊ."

"मला कुठे वेणी आहे?"

"हट्ट आहे."

मीना जपानीत काहीतरी बोलली आणि तुम्ही दोघं हसायला लागलात. मी विचारलं, काय म्हणाली? तुम्ही म्हणालात, "ती म्हणते, शंकर-सानची वेणी आतल्या बाजूला आहे."

सगळ्यात जास्त वेळ आपण बव्हेरियाच्या त्या एका नाण्यापाशी थांबायचो. एका बाजूला राजा. दुसरीकडे मधोमध राणी आणि तिच्याभोवती गोलात त्यांची आठ मुलं, प्रत्येकाचा चेहरा आपापल्या लहानशा वर्तुळात. वर लिहिलेलं, स्वर्गाचा आशीर्वाद. तुम्ही साच्यावरून अंगठा फिरवायचात, एका मुलाकडून दुसऱ्याकडे, सावकाश. "आठही वेगळी आहेत. सगळं उलटं आणि खोल कोरायचं, शंकर. जिथे नाक, तिथे खड्डा. त्या माणसाने राणीच्या आठ पोरांचे आठ खड्डे खणले, आणि एकालाही दुसऱ्याचं नाक दिलं नाही."

त्याच नाण्यावर, राजाच्या डोक्याभोवतीच्या अक्षरांत मी एकदा बोट ठेवलं. "हे काय लिहिलंय?"

"दहा मिळून एक शुद्ध मार्क. मार्क म्हणजे तेव्हाचं चांदी तोलायचं वजन. हे नाणं शुद्ध चांदीचं नाही. तांबं मिसळलंय. पण अशी दहा वितळवलीत तर पूर्ण एक मार्क शुद्ध चांदी निघेल, हे राजाच्या तोंडाभोवती लिहून ठेवलंय. त्या काळच्या कितीतरी टालरांवर असतं."

तुम्हाला वाटलं, मला झोप लागली. तुम्ही माझ्या खांद्यावर पांघरूण टाकलंत. मी डोळे मिटून घेतले होते, कारण समोर गल्ली आली होती. मिसळ आहे, आणि किती आहे ते तोंडावर लिहिलंय. कुणी फेकून देऊ शकत नाही. आबांना असं एक पैंजण करता आलं असतं, ज्याच्या कडीवर असं लिहिता आलं असतं, तर.

तेव्हा सांगायला हवं होतं. पांघरूण तुमच्या हातात होतं, तुम्ही शेजारी होता, वहिनी आत होत्या. सांगितलं नाही.

त्या दिवशी परतताना शिनकानसेनमध्ये मला खरंच डोळा लागला. माइबाराच्या आसपास बर्फ पडत होता आणि गाडी हळू चालली होती. स्वप्नात मी एका नाण्याच्या मोकळ्या जागेतून चालत होतो. सगळीकडे करडं, सपाट, पावलं उमटत नव्हती. क्षितिजावर घरांएवढी अक्षरं कडेने उभी होती आणि त्यांच्या सावलीत आबा बसले होते. मांडीवर काहीतरी घेऊन घासत होते. मी विचारलं, काय करताय? म्हणाले, वाचतोय. बोटांनी वाचत होते. दूर कुठेतरी राणी आपल्या मुलांना एकेक हाक मारत होती आणि प्रत्येक हाकेनंतर थोडं थांबत होती. जेवणाचे डबे विकणाऱ्या मुलीच्या ढकलगाडीने मला जागं केलं. खिडकीवर माझ्या कपाळाचा ठसा उमटला होता, उलटा.

तुमचे डोळे जात आहेत हे मला कळलं नाही, अण्णा. माझ्यासारख्याला, ज्याला गिऱ्हाइकाच्या नाकपुडीवरून तो किती ताणणार ते कळतं. गेल्या वर्षी तुम्ही चहाचा डबा माझ्यापुढे धरून म्हणालात, वाच बरं कुठला आहे. मला वाटलं आळस. साच्यावरून अंगठा फिरवायचात, मला वाटलं कलाकाराची ऐट. शेवटच्या खेपेला, जानेवारीत, मी निघताना तुम्ही हात पुढे केलात तो माझ्या डाव्या बाजूला, जिथे मी नव्हतो. मी सरकून तुमच्या हातापाशी आलो आणि जाता जाता पुन्हा तेच विचारलं. "आता तरी सांगा, का नाही बोललात?" तुम्ही म्हणालात, "थंडी आहे. मफलर नीट घे." तेच शेवटचं.

पाच दिवसांपूर्वी क्योतोला गेलो. तुमच्या अस्थी पांढऱ्या कापडात, फोटोसमोर. वहिनी इथल्या रिवाजाप्रमाणे एकोणपन्नास दिवस तिथे चहा ठेवणार आहेत. पहिला कप तुमचा, दुसरा माझा. मीना ओसाकाहून आली होती. माझ्याशी ती पहिल्यांदाच मराठीत बोलली. "बसा," म्हणाली. तेवढंच, पण तुमच्या आवाजात.

उजेड तसाच होता. मग वहिनी म्हणाल्या, "शंकर-सान, एक विचारू? त्या दिवशी टेलिफोनवर एवढं का ओरडला? आम्हाला कधी कळलं नाही. हे म्हणायचे, त्याला सांगायचं असेल तेव्हा सांगेल."

मग मी सांगितलं. आबा, पैंजण, गल्ली, घुंगरू. त्या घरात पहिल्यांदा. वहिनींना काही शब्द कळले नसतील. मीना त्यांच्या कानाशी जपानीत सांगत होती, म्हणजे तिला सगळं कळत होतं. सांगून झाल्यावर वहिनींनी फोटोकडे बघून जपानीत एक वाक्य म्हटलं. मीनाने डोळे पुसले आणि मला सांगितलं नाही, ते काय होतं.

मग वहिनी म्हणाल्या, "हे थांबले होते."

"कशासाठी?"

"तुमच्या फोनसाठी. हे म्हणाले, शंकर ओरडतो, दुसऱ्या दिवशी फोन करतो, जेवलात का विचारतो. दर वेळी. उद्या येईल फोन, मग सांगू. दुसरा दिवस गेला. हे म्हणाले, उद्या. आठ दिवस, शंकर-सान. घराबाहेर नाही पडले. अंघोळीला पण दार उघडी ठेवून. ऐकू आलं नाही तर, म्हणून."

"मग ओसाकाचा..."

"तो नवव्या दिवशी आला. ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं पुढच्या आठवड्यात. डॉक्टर म्हणाले होते, काही सांगता येत नाही. ह्यांना नाणी कुणाच्या तरी हातात बघायची होती. बघून द्यायची होती. डाव्या डोळ्याने नंतर नाहीच दिसलं."

मी हातातला कप खाली ठेवला. तो नीट टेकला नाही, चहा सांडला. मीनाने फडकं आणलं.

तू विचारलं नाहीस. चार वर्षं मी ते वाक्य एकाच बाजूने पाहिलं होतं. मला वाटलं, नाण्यांबद्दल विचारलं नाहीस. आपण घरात मला कुणी विचारत नाही म्हणतो तेव्हा प्रश्नाबद्दल बोलत नसतो, विचारपुशीबद्दल बोलतो, जेवलात का म्हणण्याबद्दल. तुम्ही मराठी बोलत होता, अण्णा, आणि मी हिशेबी कानाने ऐकत होतो.

"त्यांनी एकदा तरी सांगायचं होतं, वहिनी," मी म्हणालो. माझा आवाज चढला. सवय.

"मी म्हटलं होतं ह्यांना. हे म्हणाले, सांगितलं तर तो माफी मागेल. आणि शंकर माफी मागायला लागला तर मला तो ओळखू येणार नाही. आधीच मला नीट दिसत नाही." असं म्हणून वहिनी हसल्या आणि हसता हसता तोंडावर हात धरून आत गेल्या.

आता मी तुम्हाला जे सांगतो ते वहिनींनाही सांगितलेलं नाही.

त्या आठ दिवसांत मी दोनदा रिसीव्हर उचलला होता. एकदा दुकानात, एकदा स्टेशनजवळच्या हिरव्या सार्वजनिक फोनवर, कार्ड आत घालून. क्योतोचा आकडा फिरवला. तुमच्याकडे घंटा वाजायच्या आधी खाली ठेवला. मला वाटलं, दर वेळी मीच का? या वेळी त्यांनी करू दे. मी बाजारात जे करतो तेच केलं. समोरचा बोलेपर्यंत गप्प बसलो. पुढे तुमच्याकडची नाणी गेली हे कळल्यावर मी त्या दोन फोनांना इतक्या खोल पुरलं की चार वर्षं मला ते आठवलेच नाहीत. आठवायचे तेव्हा मी आणखी जोरात तुमच्यावर ओरडायचो.

बाजारात आधी मागे सरतो तो हरला, असं मी जन्मभर मानत आलो. आबांची माफी कुणी मागितली नाही, म्हणून मीही कुणाची मागायची नाही, असं कुठेतरी ठरवून टाकलं होतं. तुम्ही ते न सांगता ओळखलंत आणि चार वर्षं स्वतःवर आरोप झेललेत, दर दोन महिन्यांनी, चहा पाजून.

तोंडाने हे बोलायला गेलो असतो तर माझ्याकडून वेगळंच काहीतरी बाहेर पडलं असतं, ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून लिहून देतो, खाली सहीसाठी जागा न सोडता, एकही अट न घालता. तुम्ही काही लपवलं नव्हतं. फोन माझा यायचा होता. चूक माझी होती, अण्णा.